मुक्काम पुण्यात, मत गावात

या संवादातले मामा आणि भाची मी रचलेले आहेत. त्यांची मतं मात्र रचावी लागली नाहीत. पुण्यात शिकायला आलेल्या मुलांच्या मतदानाचा विषय निघाला की ती दोन्ही कानांवर पडतातच. मामा महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढलेली. भाची परभणी जिल्ह्यातली, पुण्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला, राहायला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी : इथं खोली भाड्यानं मिळत नाही, खोलीतली एक कॉट मिळते.

मामा : नाव गावच्या यादीत आहे ना तुझं? मग मत गावात. त्यात एवढा खल कसला?

भाची : परभणीचं लोकसभेचं मतदान २६ एप्रिल २०२४ला होतं, मामा. शुक्रवारी. पुण्याचं १३ मेला. म्हणजे त्या शुक्रवारी पुणं नेहमीसारखं चालू. कॉलेज चालू, प्रॅक्टिकल चालू, हजेरी चालू.

मामा : मतदाराला पगारी सुट्टी द्यावीच लागते. १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १३५ब. कामाचं ठिकाण पुण्यात आणि मत परभणीत असलं तरी द्यावी लागते.

भाची : ती नोकरदाराला. मला पगारच नाही, तर पगारी सुट्टी कुठली? गुरुवारी रात्री निघायचं, शुक्रवारी बोटाला शाई लावायची आणि पुन्हा रात्रीची गाडी धरायची. मला एसटीत अर्धं तिकीट तरी आहे. वर्गातल्या पोरांना पूर्ण. ट्रॅव्हल्सवाले अशा दिवसांत काय भाव लावतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मामा : कलम नोकरीतल्या माणसापुरतंच आहे, ते मान्य. पण तुमच्यासाठी काय कमी केलंय गं? आमच्या वेळी एकवीस पूर्ण झाल्याशिवाय नाव लागत नव्हतं. एकसष्टावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा, १९८९च्या मार्चपासून, वय अठरावर आलं. तरी अर्हता तारीख एकच, १ जानेवारी. २ जानेवारीला जन्मलेल्या पोराला आम्ही सरळ सांगायचो, पुढच्या वर्षी ये. २०२२पासून चार तारखा झाल्या : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो, तोही मोबाइलवरून. एवढं करून २०२४च्या यादीत देशभरात साधारण ९७ कोटी मतदार, त्यात अठरा-एकोणीस वयाचे किती? १ कोटी ८० लाखांच्या आसपास. दार उघडं ठेवलंय, आत यायला तुम्ही तयार नाही.

भाची : उघडं आहे ते गावातलं दार. मी तीन वर्षं पुण्यात राहते. भाडं इथं देते, पीएमपीचा पास इथं काढते, पाणी गेलं की बादली घेऊन खाली इथं उतरते. गावात वर्षाकाठी किती राहते? दिवाळीचे आठ दिवस आणि उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर थोडे. मग मी राहते कुठं?

मामा : १९५०च्या कायद्यात ‘सर्वसाधारण रहिवासी’ असा शब्द आहे. आणि त्याच कायद्यात हेही आहे की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणूस गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. म्हणून तुझं नाव गावात टिकलंय. उपकार समज.

भाची : आणि इथं लावायचं म्हटलं तर?

मामा : तर लाव की. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. हॉस्टेलात किंवा बाहेर खोली घेऊन शिकणाऱ्यानं कुठं नाव ठेवायचं, आईवडिलांच्या पत्त्यावर की शिकतो तिथं, हे त्यानं स्वतः ठरवायचं. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा, किमान एक वर्षाचा असावा, आणि प्राचार्य, रजिस्ट्रार, डीन अशा कुणाचा तरी दाखला अर्जाला जोडावा. एवढीच अट.

मला वाटतं, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डांवर असायला हवं होतं. रॅगिंगविरोधी सूचना असते, गणवेशाची असते, फी भरण्याची शेवटची तारीख तर लाल अक्षरांत असते. मत कुठं द्यायचं याची निवड तुमची आहे, हे कुणी लिहीत नाही. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन येतो, हात पुढे करून शपथ होते, फोटो निघतो, तो फोटो अहवालात जातो. शपथ घेणाऱ्यांत कितीजणांचं नाव यादीत आहे, हे त्या अहवालात विचारलेलं नसतं.

भाची : आमच्या खोलीत चौघीजणी. दोघी कॉलेजच्या, दोघी एमपीएससीच्या. आम्हाला प्राचार्यांचा दाखला मिळेल, धरून चालू. त्या दोघींचं काय? एकीचं चौथं वर्ष चाललंय. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते, रात्री अकराला येते. तिचा डीन कोण? अभ्यासिकेचा मालक?

मामा : तिनं रहिवासाचा दुसरा पुरावा द्यावा. यादी आहे नव्या नोंदणीच्या फॉर्म सहामध्ये. वीजबिल, पाणीबिल, गॅसचं बिल...

भाची : मालकाच्या नावावर.

मामा : बँकेचं पासबुक.

भाची : गावच्या शाखेचं.

मामा : आधार.

भाची : गावचा पत्ता. तो बदलायचा तर पुन्हा इथला पुरावा लागतो.

मामा : नोंदणीकृत भाडेकरार.

भाची : मामा, कॉटचा करार कोण नोंदवतं? आमच्या घरमालकीण काकू महिन्याच्या पाच तारखेला पैसे मोजून घेतात. पावती मागितली तर म्हणतात, विश्वास नाही का आमच्यावर.

मामा : महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवायचा, हे भाडे नियंत्रण कायद्यानं बंधनकारक आहे. जबाबदारी मालकाची.

भाची : हे मी काकूंना सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉट शोधत फिरायचं?

(इथं मामा हसले. हसण्यात कबुली होती, पण ती त्यांनी तोंडानं दिली नाही.)

मामा : बरं, ऐक. यातलं काहीच नसेल तर प्रत्यक्ष पडताळणी, असंही फॉर्ममध्ये आहे. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतो, माणूस तिथं राहतो का बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, अहवाल देतो. बेघर माणसाचं नाव आम्ही कसं लावायचो? त्याच्याकडं कागदाचा चिटोराही नसतो. बीएलओनं रात्री जायचं, एकदा नाही, पुन्हा जायचं, आणि तो माणूस दिलेल्या ठिकाणी खरंच झोपतो याची खात्री करायची. तेवढी पुरते. कागद मागायचा नाही.

भाची : म्हणजे फुटपाथवर झोपणाऱ्याची खात्री रात्री जाऊन होते. मग कॉटवर झोपणारीची का होत नाही?

मामा : ...

भाची : आमच्याकडं बीएलओ ताई दुपारी दीडला आल्या होत्या. चौघीही बाहेर. दाराला कुलूप. काकू म्हणाल्या, मुली येतात-जातात, कायमचं कुणी नाही. संपलं.

मामा : त्या ताईंचीही बाजू बघ. बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. शाळा सांभाळून, हजारभर मतदारांची यादी घेऊन, जिने चढत फिरतात. त्यांनी रात्री अकराला मुलींच्या खोल्यांचे दरवाजे वाजवायचे का?

हे मामांचं बरोबर आहे. पण मग उत्तर जिन्यात शोधायचं कशाला? पेठेत अभ्यासिका आहेत, मेस आहेत. ज्या मेसमध्ये दोनशे मुलं रोज रात्री आठला जेवतात, तिथं बीएलओनं चार संध्याकाळी टेबल टाकलं तर पडताळणी जेवणाच्या रांगेत होईल. त्यासाठी नवा कायदा नको, नवं ॲपही नको. मात्र अशी सूचना वरून निघावी लागते. आपल्याकडं ती निघते ती निवडणूक तोंडावर आल्यावर.

मामा : आता माझं ऐकून घे. कागद मागतात ते छळायला नाही. एका हॉस्टेलच्या खोलीवर पंधरा नावं लागतात. तीन वर्षांनी बारा पोरं पास होऊन निघून जातात. नाव कोण काढतं? कुणी नाही. नवी पोरं येतात, नवी नावं लागतात. मग कुणीतरी यादी फडकवत विचारतो, एका खोलीत तीस मतदार कसे? २०२५ साली राज्यात दुबार नावांवरून केवढा गदारोळ झाला, ते तू पाहिलंस. राज्य निवडणूक आयोगाला यादीत दुबार नावांपुढं दोन तारे छापावे लागले. त्या ताऱ्यांतली काही नावं तुमच्यासारख्यांचीच होती.

भाची : लबाडीनं?

मामा : अज्ञानानं. गावात नाव असताना पुण्यात पोरं नवा फॉर्म सहा भरतात. त्यात खाली लिहिलेलं असतं, माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही. न वाचता सही. खोटं निवेदन हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. ज्याचं नाव एकदा लागलंय त्यानं फॉर्म आठ भरायचा, स्थलांतराचा. ओळखपत्राचा नंबर तोच राहतो, नाव नव्या जागी येतं आणि जुन्या जागचं निघतं. हा फरक सांगणारा माणूस तुमच्या कॉलेजात आहे का?

भाची : मतदार साक्षरता मंडळ आहे. रांगोळी स्पर्धा घेतात.

मामा : तर मग. म्हणून म्हणतो, नाव गावातच असू दे. घर तिथलं, शेत तिथलं, माणसं ओळखीची, कुणी बोट दाखवणार नाही.

भाची : गावात असलेलं नाव तरी सुरक्षित कुठंय? बिहारमध्ये २०२५ला विशेष सखोल पुनरीक्षण झालं. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली, त्यात साधारण ६५ लाख नावं नव्हती. मयत, दुबार आणि बाहेरगावी गेलेले. उद्या आपल्या गावात बीएलओ आला आणि मी घरी नसले, तर मीही बाहेरगावी गेलेलीच की. इथं काकू म्हणतात कायमची नाही, तिथं ते म्हणणार इथं राहत नाही.

मामा : तुझे आईवडील आहेत ना तिथं, ते सांगतील. ज्यांचं सगळं घरच बाहेर गेलंय त्यांचा प्रश्न वेगळा. आणि खरं सांगू? मला कायद्याचं एवढं नाही. गावं रिकामी होताहेत. शाळेत पटसंख्या नाही. तू पुण्यात, तुझा भाऊ हैदराबादला. उद्या तुमची मतंही गेली की गावात राहतील म्हातारी माणसं आणि ठेकेदार. जिल्हा परिषदेचा सदस्य मग कुणाला जुमानेल? तुम्ही शिकलेली पोरं मतदानाला आलात की निदान चार प्रश्न विचारले जातात.

या मुद्द्यावर मी बराच वेळ अडून राहिलो. परभणी, हिंगोली, नांदेड या भागांतून दर जूनमध्ये मुलं पुण्या-मुंबईकडे येतात, त्यांतली थोडीच परततात. मत ही गावाशी उरलेली शेवटची सरकारी गाठ असते. ती सोडताना त्या मुलांनाही काही वाटत नाही असं नाही. पण गाठ ठेवायची की नाही, हे ठरवणं त्यांच्याकडं असायला हवं. आज ते ठरवलं जातं रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर आणि काकूंच्या पावतीवर.

भाची : प्रश्न विचारायला आम्ही येतो कुठं, मामा? आम्हाला आणलं जातं. ग्रामपंचायत लागली की उमेदवाराची क्रुझर कात्रजला येऊन उभी. जाताना नाश्ता, येताना जेवण. पाच-पन्नास मतांवर सरपंच ठरतो, म्हणून आमची किंमत. लोकसभेला कुणी क्रुझर पाठवत नाही.

मामा : लोकसभा-विधानसभेला मतदारांना ने-आण करायला गाडी पुरवणं हा भ्रष्ट प्रकार आहे, निवडणूक रद्द होऊ शकते.

भाची : गाडीत बसलेल्यानं प्रश्न काय विचारायचे तेवढं सांगा. म्हणून म्हणते, मी पुण्यातूनच परभणीचं मत देऊ शकले तर? तुमचं गाव राखलं जाईल, माझं प्रॅक्टिकलही. टपालानं चालेल, नाहीतर इथल्याच एखाद्या केंद्रावर जाऊन.

मामा : टपाली मत सैनिकाला आहे, निवडणूक ड्युटीवरच्याला आहे, पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आणि दिव्यांगांना घरून आहे. विद्यार्थ्याला नाही. आणि हॉस्टेलच्या पत्त्यावर टपाली मतपत्रिका आली तर ती कोण भरतंय ते कोण बघणार? रेक्टर? विद्यार्थी संघटनेचा दादा?

भाची : म्हणून मी केंद्रावर जाऊन म्हटलं. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मूत, दिल्लीत खास केंद्रं असतात की. ती माणसं दिल्लीत उभी राहून खोऱ्यातल्या उमेदवाराला मत देतात.

मामा : त्यांना घरातून हाकललंय. तू फी भरून आलीस.

भाची : कारण वेगळं आहे, मान्य. पण पद्धत तर चालते, हे त्यातून दिसतं ना?

मामा : केंद्रीय निवडणूक आयोगानं प्रयत्न केला होता. दूरस्थ मतदान यंत्र. डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केलं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील असं. १६ जानेवारी २०२३ला सगळ्या पक्षांना दाखवायला बोलावलं. बहुतेक विरोधी पक्ष नको म्हणाले, आणि ते तिथंच राहिलं. त्यांच्या शंका पोरकट नव्हत्या. परभणीच्या अपक्षाचा मतदान प्रतिनिधी पुण्यात कोण बसवणार? आचारसंहिता परभणीत लागू, पुण्यात त्याच दिवशी सभा चालू. हे प्रश्न सोडवल्याशिवाय यंत्र नको, हे माझंही मत.

भाची : आणि सोडवायला कुणी बसलंय का? २०१९ला तीस कोटींवर लोकांनी मत दिलं नाही, असं आयोगानंच तेव्हा सांगितलं होतं. शंका काढून उठून गेले सगळे.

मामा : आमच्या चिरंजीवाचंच घे. टेक्सासात आहे. भारताचं नागरिकत्व आहे, म्हणून फॉर्म सहा-अ भरून नाव लावता येतं, पासपोर्टवरच्या पत्त्यावर. पण मत द्यायला विमानानं यायचं. कोण येतं?

भाची : आणि तिथल्या मुलांचं काय, ते सांगितलं का त्यानं? टेक्सासात ओळखपत्र म्हणून बंदुकीचा परवाना चालतो, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही. तिथल्याच वॉलर काउंटीत, प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात, मुलांना नाव लावायचं तर वेगळी प्रश्नावली होती : इथं घर आहे का, शिक्षण झाल्यावर इथंच राहणार का. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९७९ला मुलं जिंकली. जे इतर कुणाला विचारत नाहीत ते विद्यार्थ्यालाच का विचारायचं, एवढाच मुद्दा होता. काकूंचा ‘कायमचं कुणी नाही’ हा त्याच प्रश्नावलीतला प्रश्न आहे.

मामा : तिथं वर्णाचा प्रश्न होता.

भाची : इथं भाडेकरूचा आहे.

दोघंही थोडा वेळ गप्प बसले. मग मामांनीच विषय काढला, तो पुण्याच्या महापालिकेचा. २०१७नंतर थेट १५ जानेवारी २०२६ला निवडणूक झाली. मध्ये जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आणि झाली तेव्हा विधानसभेची १ जुलै २०२५ रोजीची यादी घेतली गेली. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही, ठरावीक दिवसाची तयार यादी उचलतो. म्हणजे ऑगस्टमध्ये ज्यानं हौसेनं नाव लावलं त्याला जानेवारीत महापालिकेला मत नव्हतं.

भाची : हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

मामा : आधी म्हणजे निवडणूक जाहीर व्हायच्या आधी. नाव लावायचं असतं ते निवडणूक नसताना. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाव घेता येतं कायद्यानं, पण चौकशीला दिवस लागतात, म्हणून किमान दहा दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. पोरं येतात ती प्रचाराच्या गाड्या फिरायला लागल्यावर.

भाची : मग मी काय करू? तुमचा सल्ला?

मामा : माझा सल्ला गावच. पण तुला इथंच नाव हवं असेल तर फॉर्म आठ भर, सहा नाही. प्राचार्यांचा दाखला घे. आणि बीएलओला फोन करून सांग, रात्री आठला मी मेसमध्ये असते.

भाची : आणि पदवी झाल्यावर पुन्हा हलवायचं?

मामा : हलवायचं. फुकट आहे.

माझा कौल भाचीच्या बाजूनं आहे, मामांचा दुबार नावांचा इशारा लक्षात ठेवून. विद्यार्थ्याला निवड दिली आहे ती कागदावर. ती वापरता यावी म्हणून फार थोडं करावं लागेल. कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळी बोनाफाइडबरोबर मतदार नोंदणीचा दाखलाही द्यावा आणि उत्तीर्ण होणाऱ्याला दाखला देताना फॉर्म आठची आठवण करावी. विद्यापीठांनी मुलाच्या मूळ मतदारसंघात मतदान असेल त्या दिवसाची, आणि प्रवासाच्या एका दिवसाची, हजेरी धरावी. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी बीएलओंनी अभ्यासिकांत आणि खाणावळींत संध्याकाळी बसावं.

आणि हे वाचणाऱ्यांत पुण्यातले, छत्रपती संभाजीनगरातले, लातुरातले घरमालक असतील. तुमच्या घरात मुलं राहत असतील तर करार नोंदवा, पैसे घेतल्याची पावती द्या, आणि दुपारी बीएलओ आले तर ‘इथं राहतात’ एवढं खरं ते सांगा.